एकतीस तारखेचं राज्य

आमच्या विहिरीपाशी उभं राहून हल्ली पाहुणे फोटो काढतात. दिवेआगरच्या आमच्या वाडीतल्या तीन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. ही माणसं सकाळी उठून आधी चहा मागतात, मग वायफाय, आणि मग विचारतात, "ही विहीर किती जुनी?" मी सांगते, "भांडणापेक्षा जुनी." त्यांना वाटतं मी विनोद केला. मी भरल्या पोटी कधी विनोद करत नाही आणि रिकाम्या पोटी तर मुळीच नाही.

विहीर दोन घरांची. आमची वाडी आणि पलीकडची वाडी यांच्यामधला दगडी गडगा दोन्ही अंगांनी येऊन विहिरीच्या काठाला टेकतो. अर्धा काठ आमचा, अर्धा त्यांचा. एक पंप आमचा, एक त्यांचा. पाणी तेवढं एक. आम्ही आणि पलीकडचे एकाच आडनावाचे, एकाच खापरपणजोबांची प्रजा, त्यामुळे भांडायला परकं माणूस शोधावं लागलं नाही. माझे आजोबा आणि पलीकडचे आजोबा एकेकाळी एकाच पाटीवर बाराखडी गिरवायचे म्हणे. पुढे दोघांनी सुपारी लावली आणि दोघांना एकाच दिवशी शिंपण करायचं असायचं.

सुपारीला उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी लागतं. तेव्हा सोपा तोडगा असा की, एक दिवस तुम्ही घ्या, एक दिवस आम्ही. पण काल कोणाची पाळी होती हे लक्षात कोण ठेवणार? दोन्ही आजोबांचा एकमेकांच्या स्मरणशक्तीवर काडीचा विश्वास नव्हता. म्हणून त्यांनी छापील गोष्टीवर विश्वास ठेवायचं ठरवलं. विषम तारखा आमच्या, सम तारखा पलीकडच्या. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचं आणि पंप लावायचा. गावात दोघांचं कौतुक झालं. शिकलेली माणसं, बघा कसं शहाणपणाने मिटवलं.

महिनाअखेरपर्यंत सगळं छान चाललं. मग एकतीस तारीख आली. एकतीस विषम, म्हणून आम्ही पाणी घेतलं. दुसऱ्या दिवशी उजाडली एक. एकही विषम, म्हणून आम्ही पुन्हा पाणी घेतलं. पलीकडचे आजोबा गडग्यावर येऊन म्हणाले, हा काय चोरटेपणा. आमचे आजोबा म्हणाले, कॅलेंडर काय मी छापलं? दोन शिकलेल्या माणसांनी करार केला आणि महिन्याला एकतीस दिवस असतात हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. एवढ्या भांडवलावर आमची दोन घरं पुढची वीस-बावीस वर्षं एकमेकांशी बोलली नाहीत. लग्नात नाही, मयतात नाही.

भांडणाच्या पहिल्याच वर्षी देवळात गावातले पाच शहाणे बसले. तीन तास बसले, दोनदा चहा झाला, आणि त्यांनी निकाल दिला की एकतीस तारीख कोणाचीच नाही. त्या दिवशी दोन्ही घरांतलं कुणीही विहिरीवर जायचं नाही. मग पाचही जण आपापल्या घरी जेवायला गेले. या निकालाने आमच्या गावात एक असा दिवस तयार झाला ज्याला मालक नाही. वर्षातून सात वेळा.

तो दिवस आम्ही दोघींनी बळकावला. दुसरी म्हणजे पलीकडच्या आजोबांची नात. तिचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर ती पनवेलहून फोन करून मला अशा शिव्या घालेल की पाहुण्यांना ऐकू जातील. आम्ही एकाच वर्षीच्या, एकाच वर्गातल्या. शाळेत आम्ही रोज भांडायचो, कारण वर्गाच्या बाई माझ्या काकूच्या मैत्रीण होत्या आणि बातमी घरी जायची. घराण्याची अब्रू राखायला मी तिच्या वेण्या ओढायची, ती माझ्या पाटीवर थुंकायची. दोघी मनापासून करायचो. काकू खूश, तिचे आजोबा खूश, आणि आम्ही बोटांवर मोजत असायचो की पुढची एकतीस कधी.

एकतीस तारखेला दुपारी जेवणं होऊन घर आडवं झालं की मी आमच्या बाजूने यायची, ती तिच्या बाजूने. विहिरीला आत उतरायला दगडी पायऱ्या आहेत, पाण्यापर्यंत. तिसऱ्या पायरीवर आमचा दरबार भरायचा. राजा म्हणजे विहिरीतलं कासव. आमच्याकडे पाणी साफ राहावं म्हणून विहिरीत कासव सोडतात, आणि हे कासव कोणी सोडलं हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून ते दोन्ही घरांचं. पोह्याच्या ताटलीएवढं. भाताची शितं टाकली की डोकं वर काढायचं आणि आमच्याकडे असं बघायचं की जणू काही आम्हीच उपकार मागायला आलोय.

ती सेनापती, मी प्रधान. मला सेनापती व्हायचं होतं, पण तिने मला एकदा धरून पायरीवर आपटलं आणि तो विषय संपला. दोन पंप म्हणजे दोन राक्षस, एक निळा आणि एक हिरवा, राजाची नदी पिऊन टाकणारे. विहिरीच्या तळाशी एक भुयार, ते थेट समुद्रात निघतं, आणि तिथे राजाचं खरं राज्य. ते राज्य शापाने गेलं. शाप कोणी दिला यावर आमची फार चर्चा व्हायची. ती म्हणायची तुझ्या आजोबांनी, मी म्हणायची तुझ्या. मग ठरलं, दोघांनी मिळून दिला, कारण एकट्याच्याने एवढा मोठा शाप लागला नसता. एकदा आम्ही निळ्या राक्षसाचा पाय बांधून टाकला, म्हणजे आमच्याच पंपाच्या पाइपात टॉवेल कोंबला. दुसऱ्या दिवशी पंप जळला. आजोबांनी म्हसळ्याहून मिस्त्री आणला आणि संध्याकाळपर्यंत गडग्यावर उभं राहून पलीकडच्यांच्या सात पिढ्या काढल्या. त्या सात पिढ्या आमच्याही होत्या, पण रागात माणूस मोजत नाही.

आम्ही चौथीत होतो तेव्हा शाळेने आम्हाला किनाऱ्यावर नेलं, कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला. दोरीच्या मागे आम्हाला उभं केलं. एका दादाने टोपली उचलली आणि बोटभर पिल्लं वाळूतून पाण्याकडे निघाली. पडत होती, उलटत होती, पुन्हा निघत होती. दादा म्हणाला, "कासवाचं घर समुद्र. त्याला फक्त वाट मोकळी करून द्यायची असते." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या दंडाला कळ आली. तिने मागून चिमटा काढला होता.

"ऐकलंस?" ती दात आवळून म्हणाली, कारण बाई बघत होत्या. "राजा कैदेत आहे. आपल्याच विहिरीत."

आता हसू येतं. तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. इतकी वर्षं आम्ही त्याला भात घालून तुरुंगात ठेवला होता. राजा घरी गेला की शाप सुटेल, शाप सुटला की दोन आजोबा बोलायला लागतील, आणि मग आम्हाला कुठल्याही तारखेला भेटता येईल. मला एवढंच हवं होतं. राज्य-बिज्य सगळं त्यासाठीच होतं. दादाने विहिरीतलं कासव वेगळं आणि समुद्रातलं वेगळं हे काही सांगितलं नव्हतं, आणि आम्ही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर सगळी योजना फुटली असती.

मार्चची एकतीस आली. शाळा सकाळची होती. दुपारी घर झोपल्यावर मी मागच्या पडवीतून चिखलकामाचं घमेलं आणलं आणि तिने ओलं गोणपाट. राजा भाताला भुलून पायरीवर आला आणि तिने दोन्ही हातांनी उचलला. त्याने मान, पाय, शेपूट, सगळं आत घेतलं. प्रधान आणि सेनापतींनी घमेल्याचा एकेक कान धरला आणि सुरूच्या बनातून राजाची मिरवणूक निघाली. वाटेत सेनापतींची चप्पल तुटली. सेनापती अनवाणी चालल्या आणि वाळूवर पोचल्यावर पाय भाजून नाचायला लागल्या.

आम्ही त्याला पाण्याच्या कडेला ठेवलं. ती म्हणाली, "महाराज, वाट मोकळी आहे." लाट आली, महाराज आत गेले, लाट गेली, महाराज पुन्हा आमच्या पायाशी. परत ठेवलं. परत आले. तिसऱ्या वेळी त्यांनी मान बाहेर काढली, इकडेतिकडे बघितलं, आणि सरळ गावाच्या दिशेने चालायला लागले.

"त्याला सवय नाही," ती म्हणाली. "आणखी आत नेऊ."

गुडघाभर पाण्यात नेऊन सोडलं. एक मोठी लाट आली आणि राजा उलटा होऊन वाळूवर येऊन पडला. पोट वर, पाय लोंबते. सरळ केला तर डोळे मिटलेले. मी बोटाने टोचलं. हलला नाही.

थोड्या अंतरावर एक कोळीण मावशी वाळत घातलेले बोंबील परतत होती. ती आमच्याकडे बघत होती, हे आम्हाला ती डोक्यावर येऊन उभी राहिली तेव्हा कळलं.

"काय मांडलंय गो पोरींनो?"

"घरी सोडतोय त्याला," मी म्हणाले.

तिने कासव उचलून उलटंसुलटं बघितलं आणि आमच्याकडे असं बघितलं की मला आत्ता लिहितानाही लाज वाटते. "ह्यो इहिरीतला हाय. गोड्या पान्यातला. खाऱ्या पान्यात मरंल तो. कुनी सांगितलं न्हाय तुमास्नी?" तिने कमरेची प्यायच्या पाण्याची बाटली सोडली आणि सगळी त्याच्यावर ओतली, तोंडावर, पायांवर, शेवटच्या थेंबापर्यंत. ऊन मी म्हणत होतं आणि तिला अजून सगळी दुपार तिथेच काढायची होती. मग तिने विचारलं, "कुनाच्या गो तुमी?"

आम्ही आपापली घरं सांगितली. मावशीचे हात थांबले. आमच्या विहिरीची कथा साऱ्या गावाला पाठ होती.

"दोघी? एकत्र?"

आम्ही घमेलं पुढे केलं.

"मी काय बगितलं न्हाय," ती म्हणाली. "पळा. ज्या पान्यातला त्या पान्यात नेऊन घाला. आत्ताच्या आत्ता."

आम्ही पळालो. घमेलं पायांवर आपटत होतं, नडग्या सोलून निघाल्या. ती सारखी आत वाकून बघत होती आणि म्हणत होती, "महाराज, थोडंच राहिलं." मला फक्त विहीर दिसत होती, आणि तिच्यावर आज कुणी नसणार, एकतीस आहे, हा एवढाच आधार होता.

विहिरीवर दोघे होते. माझे आजोबा दोन बादल्या आणि राजापुरी पंचा घेऊन, आणि तिचे आजोबा पंपाच्या बटणावर हात ठेवून. वीस-बावीस वर्षं हे दोघे देवळातल्या निकालाचा मान राखत होते असं गाव समजत होतं, आणि दोघेही दर एकतीसला दुपारी घर झोपलं की चोरून पाणी घेत होते. आमच्या दरबारात कधी कसे आडवे आले नाहीत देव जाणे. बहुतेक आमचं उरकल्यावर यायचे. त्या दिवशी दोघे एकाच वेळी आले आणि एकमेकांना सापडले. चोर पकडला गेला की जास्त ओरडतो, आणि इथे तर दोन चोर होते. ओरडायला मुद्दा हवा, म्हणून दोघांनी विहिरीत डोकावून बघितलं आणि दोघांच्याही एकदमच लक्षात आलं की कासव नाही.

"कासव गेलं की विहीर आटते, माहीत आहे ना?" माझे आजोबा पंचा झटकत ओरडले. "मुकं जनावर चोरलंस?"

"तूच विकलं असशील," तिचे आजोबा म्हणाले. "तुझी नियत मी पाटीवर लिहायचो तेव्हापासून ओळखतो."

आम्ही रातांब्याच्या झाडामागे बसलो होतो, घमेलं मध्ये. ती रडत होती. मला पायरीवर आपटणारी, वेण्या ओढल्या तरी डोळ्यांत पाणी न आणणारी सेनापती तोंडात फ्रॉक कोंबून रडत होती. आम्ही एकत्र समोर गेलो की एकतीस गेली, हे आम्हाला सांगावं लागत नव्हतं. दोन घरांना कळणार, दोन घरं कुलूप लावणार, आणि वर्षातले सातही दिवस जाणार. राजाची मान बाहेर आली होती आणि ती गोणपाटावर सैल पडली होती.

मी म्हणाले, "घमेलं इथेच ठेवू आणि पळू. त्यांना सापडेल." हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. तिलाही आठवत नसावं, किंवा आठवत असून ती दाखवत नाही. तिने नाक पुसलं आणि घमेल्याचा एक कान धरून उभी राहिली. घमेलं एकीला उचलत नाही. ती माझ्याकडे बघत थांबली. मग मी दुसरा धरला.

आम्हाला दोघींना एकत्र येताना बघून दोन्ही आजोबांची तोंडं उघडीच राहिली. कधी नव्हे ती एका वेळी बंद झाली असती तर बरं, पण ते पुन्हा सुरू झाले. आधी आमच्यावर, मग एकमेकांवर. तुझ्या नातीने माझ्या नातीला बिघडवलं, नाही, तुझ्या. मग कासव आत कोणी सोडायचं यावर. माझे आजोबा बादली पुढे करत होते, तिचे म्हणत होते, तुझ्या बादलीतून नाही, तुझी तारीख नाही. तुझी तरी कुठे आहे? आणि राजा उन्हात वाळत होता.

"आज एकतीस आहे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "आज विहीर तुमची नाही. तुमचीही नाही. आज आमची आहे. बाजूला व्हा."

आणि ते झाले. का झाले मला माहीत नाही. एवढीशी पोर, पाय अनवाणी, गालावर शेंबूड. दोन म्हातारे बाजूला झाले. आम्ही तिसऱ्या पायरीपर्यंत उतरलो आणि राजाला पाण्यात अर्धा बुडेल असा ठेवला. तो तसाच राहिला. वरून दोन डोकी वाकून बघत होती. बऱ्याच वेळाने त्याने एक पाय हलवला, मग दुसरा, आणि आमच्याकडे न बघता खाली गेला.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. मला शिरपुटीने मार बसला, तिला पट्टीने. माझी काकू म्हणाली, वर्षभर ही नाटकं चालली होती आणि मला वाटायचं पोरीला घराण्याचा अभिमान आहे. दोन्ही घरांचं बावीस वर्षांत पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं, की या दोघींनी एकमेकींशी बोलायचं नाही. बाईंना सांगून आमचे बाक दोन टोकांना गेले. आता खोटं भांडायचीही सोय राहिली नाही. एप्रिलला तीसच दिवस. मला तिची इतकी आठवण यायची की पोटात दुखायचं, आणि आई मला ओवा चावायला द्यायची.

मेची एकतीस आली. आजोबा रोज सकाळी कॅलेंडरसमोर उभे राहून घराला ऐकू जाईल असं सांगायचे, "आज आपली," किंवा "आज त्यांची." त्या दिवशी ते फार वेळ उभे राहिले. मी पानावर मान खाली घालून मऊभात चिवडत होते.

"आज एकतीस," ते म्हणाले. "आज विहिरीवर कुणी जायचं नाही."

"बरं," काकू म्हणाली.

आजोबांनी खुंटीवरचा पंचा काढला, खांद्यावर टाकला आणि दारापर्यंत गेले. बादल्या पडवीतच होत्या, त्यांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. "मोठ्यांपैकी कुणी," ते बाहेर बघत म्हणाले आणि खळ्यात जाऊन बसले, विहिरीकडे पाठ करून.

मी पानातला भात मुठीत घेतला आणि धावले. ती आधीच तिसऱ्या पायरीवर बसली होती. तिच्या बाजूचा पंप बंद होता. सकाळचे नऊ वाजले होते.

"तू कशी आलीस?" मी विचारलं.

"आमच्याकडे सगळे झोपलेत," ती म्हणाली. "आजोबांनी सगळ्यांना आत्ताच झोपायला लावलं. काका म्हणाले, आत्ता तर उठलो. तरी झोपवलं."

तिने मूठ उघडली, मी उघडली. राजा वर आला तेव्हा त्याच्यासाठी दोन्ही घरांचा भात होता.